तिला तिथं कोण वाढणार?



ऑक्टोबर आला की चर्चच्या दारात मिशन रविवारची पाकिटं वाटली जातात. १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी हा रविवार सुरू केला आणि तेव्हापासून ख्रिस्तसभा जगभर तो पाळते. त्या आठवड्यात आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना विचारतो, "मिशनरी म्हणजे कोण?" मुलं पटापट सांगतात. दूर देशी जातो तो. देवाचं वचन सांगतो तो. औषध देतो, शाळा काढतो, गरिबांना जेवू घालतो तो. मग आम्ही विचारतो, "आणि मिशनऱ्याला कोण जेवू घालतं?" वर्ग गप्प होतो. कुणीतरी मागून म्हणतं, "देव!" सगळे हसतात.

उत्तर बरोबर आहे. पण देव ते कसं करतो, हे समजून घ्यायला आम्हांला बरेच दिवस लागले. त्याविषयीच आज लिहायचं आहे.

आम्ही इंदूरच्या अन्नपूर्णा भागात राहतो. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, इथे अन्नपूर्णेचं मोठं देऊळ आहे, त्याच्या प्रवेशद्वाराशी हत्तींचे भव्य पुतळे आहेत, आणि त्या देवळावरून रस्त्याला आणि आजूबाजूच्या वस्तीला नाव पडलं आहे. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी माणसं नांदत आली आहेत, तशी ती आमच्या गल्लीतही आहेत. त्यांत ख्रिस्ती घरं मोजकीच. रविवारची मिस्सा हिंदीत, घरची रोझरी मराठीत आणि भाजीवाल्याशी घासाघीस माळवी वळणाच्या हिंदीत, असा आमचा संसार. सकाळी पोहे-जलेबी, संध्याकाळी वरण-भात. अन्न देणाऱ्या देवीच्या नावाच्या वस्तीत राहून आम्ही रोज रात्री "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" असं स्वर्गातल्या बापाकडे मागतो. शेजारच्या काकू त्यांच्या देव्हाऱ्यात दिवा लावतात, त्याच वेळी आमची रोझरी चालू असते. भाकरीची काळजी दोन्ही घरांत सारखीच असते.

याच गल्लीत एक मावशी राहतात. माहेर वसईकडचं. यजमानांच्या नोकरीमुळे तीस वर्षांपूर्वी इंदूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांची धाकटी मुलगी सिस्टर झाली, नर्सिंग शिकली, काही वर्षं मध्य प्रदेशातल्या खेड्यांत राहिली आणि एके दिवशी तिच्या नेमणुकीचं पत्र आलं. आफ्रिकेत, टांझानियाला. बातमी कळली त्या संध्याकाळी आमचा रोझरीचा गट त्यांच्या घरी गेला. प्रार्थना झाली, चहा झाला, सगळ्यांनी अभिनंदन केलं. आपल्या धर्मग्रामातली मुलगी परदेशी मिशनवर निघाली, केवढा मोठा आशीर्वाद! मावशी सगळ्यांना हसून उत्तरं देत होत्या. माणसं पांगली, आम्ही मागे राहिलो, तेव्हा त्या कपबशा उचलता उचलता म्हणाल्या,

"तुम्ही पोरांना शिकवता, देव सगळीकडे आहे. मला मान्य आहे. पण देव काही ताट वाढायला येत नाही. ताप आला, तोंडाची चव गेली, तर तिला तिथं कोण वाढणार? दोन घास खा ग, असं कोण म्हणणार?"

हा प्रश्न अविश्वासाचा नव्हता. त्या बाईंनी मुलगी देवाला दिली होती आणि दिलेलं परत मागत नव्हत्या. पण आईला देवाची प्रीती हवी असते ती ताटाएवढी स्पष्ट. आमच्या शेजारच्या हिंदू घरांत मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर अन्नपूर्णेची छोटी पितळी मूर्ती देतात. तिच्या नव्या घरात अन्नाची ददात पडू नये, ही त्यामागची आईबापांची माया. मावशींनी मुलीबरोबर रोझरी दिली आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. लोणचं किती दिवस पुरणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्या रात्री घरी येऊन आम्ही बायबल उघडलं ते एलीया संदेष्ट्याच्या कथेवर. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा सतरावा अध्याय. दुष्काळ पडलेला. एलीया ओढ्याकाठी लपून राहिला आहे आणि कावळे त्याला भाकरी आणि मांस आणून देत आहेत. मग ओढा आटतो. आता देव त्याला कुठे पाठवतो? इस्राएलातल्या कुणा श्रीमंत भाविकाकडे नाही. सीदोनाच्या मुलखातल्या सारफथ गावी पाठवतो. परका देश, परकी माणसं, ज्या ईजबेल राणीने त्याचा छळ मांडला तिचं माहेर त्याच मुलखातलं. आणि देव म्हणतो की तिथल्या एका विधवेला मी तुझ्या जेवणाचं सांगून ठेवलं आहे.

ही कथा आम्ही वर्गात कितीदा तरी शिकवली होती. मडक्यातलं पीठ सरलं नाही, कुपीतलं तेल आटलं नाही, हा चमत्कार मुलांना आवडतो. पण त्या रात्री आमचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. वेशीपाशी काटक्या गोळा करणाऱ्या त्या बाईला पाहा. तिच्या घरात मूठभर पीठ उरलं आहे. त्याची शेवटची भाकर भाजायची, पोराने आणि तिने खायची आणि मग मरणाची वाट पाहायची, असं तिचं चाललं आहे. देवाने तिला आधीच सांगून ठेवलं आहे, पण तिच्या बोलण्यात त्याचा काहीच मागमूस दिसत नाही. तिच्यापुढे उभा आहे तो फक्त एक भुकेला परदेशी माणूस. आणि ती त्याच्यासाठी आधी भाकर भाजते. देवाचा निरोप तिला मिळाला तो असा, दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या रूपाने.

प्रभू येशूने नासरेथच्या सभास्थानात हीच विधवा लोकांना आठवून दिली, तेव्हा लोक चिडले. आपल्या संदेष्ट्याला परक्या बाईच्या हातचं खावं लागलं, हे ऐकायला त्यांना नको होतं. पण प्रभूने शिष्यांना पाठवलं तेही याच रीतीने. थैली नको, झोळी नको. ज्या घरात जाल तिथे राहा आणि समोर येईल ते खा. आम्ही या वचनांचा अर्थ फार दिवस साधेपणा असा लावत होतो. तो आहेच. पण रिकाम्या हातांनी गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, हेही त्यात आहे. ज्याच्याकडे सगळं आहे त्याला कुणी वाढत नाही. पौल जहाज फुटून माल्टा बेटावर लागला, पाऊस आणि थंडी होती, तेव्हा तिथल्या अनोळखी लोकांनी त्याच्यासाठी आणि बरोबरच्या सगळ्यांसाठी शेकोटी पेटवली. पौलाने त्या बेटावर रोग्यांना बरं केलं ते नंतर. आधी त्याने त्यांच्या शेकोटीवर हात शेकले.

मावशींच्या माहेरच्या घरात संत गोन्सालो गार्सियाची तसबीर होती. वसईच्या माणसाला या संताविषयी नव्याने सांगायला नको. गास गावचं चर्च त्याच्या नावाचं, वसईच्या किल्ल्यातलं चर्च त्याच्या नावाचं आणि वसईतलं महाविद्यालयही त्याच्या नावाचं. पण इतर ठिकाणच्या मराठी ख्रिस्ती बांधवांना तो तितकासा ओळखीचा नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. परदेशी मिशनवर गेलेला आपल्या मातीतला माणूस शोधायचा तर तो हाच. आणि आम्हांला तो जवळचा वाटतो याचं आणखी एक कारण आहे. तो धर्मगुरू नव्हता. आयुष्याची बरीच वर्षं तो आमच्यासारखा धर्मशिक्षक होता.

गोन्सालोचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. तेव्हा वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या येशूसंघीय फादरांच्या शाळेत तो शिकला आणि १५७२ च्या सुमारास, वयाच्या जेमतेम सोळाव्या वर्षी, त्यांच्याबरोबर जपानला निघाला. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोचले होते. म्हणजे तिथल्या ख्रिस्तसभेचं वय अवघं तेवीस वर्षांचं. तिथे सुमारे आठ वर्षं गोन्सालोने धर्मशिक्षकाचं काम केलं. आणि त्याच्याविषयीची एक गोष्ट सगळे चरित्रकार आवर्जून सांगतात, ती म्हणजे त्याची जपानी भाषा. तो ती उत्तम बोलत असे.

परकी भाषा कशी येते, हे इंदूरमधल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पुस्तकातून व्याकरण येतं, भाषा येते ती माणसांकडून. आपण चुकतो, समोरचा हसतो, मग तोच शब्द पुन्हा सावकाश उच्चारून दाखवतो. बाजारातला दुकानदार, शेजारची म्हातारी, अंगणातली पोरं, हे सगळे आपले गुरू. वसईचा सोळा वर्षांचा मुलगा जपानी उत्तम बोलू लागला याचा अर्थ, कितीतरी जपानी माणसांनी त्याचं बोबडं बोलणं सहन केलं, दुरुस्त केलं, त्याला आपल्या चुलीजवळ बसवून घेतलं. ही माणसं त्याच्याकडून देवाची प्रीती शिकत होती, आणि ती शिकवण्याचे शब्द मात्र तेच त्याला पुरवत होते.

गोन्सालोची मोठी इच्छा होती की आपल्याला येशूसंघात प्रवेश मिळावा. ती पूर्ण झाली नाही. निराश होऊन तो जपान सोडून गेला आणि पूर्वेकडच्या बंदरांत व्यापार करू लागला. व्यापारात त्याचं बरं चाललं होतं. पण मन लागेना. अखेर फिलिपिन्समध्ये मनिलाला त्याने फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला, तोही फादर म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून. आणि मग १५९३ मध्ये मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ पाठवायचं ठरलं, तेव्हा शोध सुरू झाला जपानी जाणणाऱ्या माणसाचा. फादर पीटर बॅप्टिस्ट यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून गोन्सालो निघाला. ज्या देशातून तो खाली मान घालून परतला होता, तिथेच देवाने त्याला पुन्हा नेलं. आणि कामी आलं काय? चुलीजवळ बसून मिळवलेली ती भाषा.

क्योटोमध्ये या फ्रान्सिस्कनांनी चर्च बांधलं आणि कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळं चालवली. पण हिदेयोशीच्या मनात परदेशी धर्माविषयी संशय होता. १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं, त्यावरून वाद पेटला आणि डिसेंबरमध्ये अटकेचा हुकूम निघाला. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला, त्यांना गाड्यांत घालून गावोगाव फिरवण्यात आलं आणि मग ऐन हिवाळ्यात नागासाकीकडे नेण्यात आलं. जवळजवळ महिनाभराची वाट.

निघाले तेव्हा कैदी चोवीस होते. नागासाकीला पोचले ते सव्वीस. हे दोन जास्तीचे कोण? एकाचं नाव पीटर सुकेजिरो. वाटेत कैद्यांची सेवा करावी म्हणून तो बरोबर दिला गेला होता. दुसरा फ्रान्सिस नावाचा एक सुतार. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. तो आपणहून मागे मागे चालत आला, कैद्यांना हवं नको पाहत. अखेर पहारेकऱ्यांनी या दोघांनाही धरलं आणि कैद्यांत टाकलं.

मावशींचा प्रश्न आठवा. "तिला तिथं कोण वाढणार?" वसईच्या गोन्सालोला त्या बर्फाच्या वाटेवर कोण वाढत होतं? दोन जपानी माणसं. त्याची ना गोत्याची, ना गावाची. आणि त्या सेवेची किंमत त्यांनी प्राण देऊन मोजली.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. त्यांतले वीस जपानी, चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक आपल्या वसईचा. जपान्यांत बारा-चौदा वर्षांची तीन मुलं होती. त्यांतल्या थॉमस कोझाकी या चौदा वर्षांच्या मुलाने वाटेत आपल्या आईला पत्र लिहिलं, तिला धीर दिला, धाकट्या भावांना जपायला सांगितलं. परदेशातून आलेले सहा आणि देशातले वीस एका ओळीत, सारख्याच क्रूसांवर. त्या टेकडीवर पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे सांगता आलं नसतं. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सव्वीस जणांना संतपद जाहीर केलं आणि गोन्सालो भारतात जन्मलेला पहिला संत ठरला. ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा या हुतात्म्यांचं स्मरण करते.

पुढची हकीकत तर डोळ्यांत पाणी आणणारी आहे. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आली. फादर उरले नाहीत, मिस्सा उरली नाही. दोनशेहून अधिक वर्षं गेली. मग देशाचे दरवाजे थोडे उघडले, फ्रेंच फादरांनी नागासाकीत ओउरा इथे चर्च बांधलं आणि ते याच सव्वीस हुतात्म्यांना वाहिलं. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही शेतकरी तिथे आले आणि फादर पेतिज्याँ यांना हळूच सांगू लागले की आम्हीही तुमच्याच श्रद्धेचे आहोत. त्यांनी विचारलं, पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे? इतक्या पिढ्या आईबापांनी मुलांना गुपचूप प्रार्थना शिकवल्या होत्या, बाप्तिस्मा दिला होता. पाहुण्यांनी आणून दिलेली ठेव या घरांनी अशी सांभाळली, की पाहुणे गेल्यावरही तिला धक्का लागला नाही.

गोन्सालोची ही कथा आम्ही मावशींना सांगितली. त्या सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे शेवटी क्रूसावरच ना?"

याला आम्ही काय म्हणणार! खोटा दिलासा द्यायचा नाही, एवढं आमचं ठरलेलं होतं. इंदूरच्या ख्रिस्ती माणसाला हे सांगायला जपानपर्यंत जावं लागत नाही. धन्य सिस्टर राणी मारिया केरळच्या पुल्लुवळी गावात १९५४ मध्ये जन्मल्या. उत्तरेत येऊन हिंदी शिकल्या, आमच्या इंदूर धर्मप्रांतातल्या उदयनगर भागात भूमिहीन मजुरांत राहिल्या, सावकारी पाशातून त्यांना सोडवण्यासाठी झटल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, सगळ्या प्रवाशांदेखत, त्यांची हत्या झाली. वय ४१. अंगावर ५४ जखमा. त्या बसमधल्या कुणाचाही हात पुढे आला नाही. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच त्यांना धन्य घोषित करण्यात आलं.

त्या दिवशी देवाची प्रीती कुठे होती? या प्रश्नाला घाईने उत्तर देणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण पुढे काय घडलं ते आम्हांला माहीत आहे. सिस्टर राणी मारियांची धाकटी बहीण, त्याही सिस्टरच, २००२ मध्ये रक्षाबंधनाच्या वेळी तुरुंगात गेल्या आणि ज्याने आपल्या बहिणीला मारलं होतं त्याच्या हाताला त्यांनी राखी बांधली. पुढे त्यांच्या आईने त्याच हातांचं चुंबन घेतलं. २००६ मध्ये तो सुटला तो याच कुटुंबाच्या क्षमेच्या बळावर. देव आपल्या माणसांना जखमा होऊ देत नाही, असं म्हणण्याची सोय आम्हांला नाही. जखमेतून त्याची प्रीती वाहणं थांबत नाही, एवढं मात्र आम्ही आमच्याच जिल्ह्यांच्या हद्दीत पाहिलं आहे.

मावशी म्हणाल्या, "ती आई म्हणजे फार मोठी बाई. मी तेवढी नाही." आणि त्या देवघरातली मेणबत्ती पेटवायला उठल्या. मुलगी पुढच्या आठवड्यात विमानात बसली.

चार-पाच महिन्यांनी एका संध्याकाळी मावशींनी आम्हांला हाक मारून बोलावलं आणि मुलीचा फोन आमच्या हातात दिला. बोलणारी दमलेली वाटत होती, पण आनंदात होती. तिला मलेरिया झाला होता. बरोबरच्या सिस्टर दूरच्या दवाखान्यात कामाला गेलेल्या, त्यांना परतायला दोन दिवस लागणार. ही एकटीच पडून. शेजारी एक म्हातारी राहते, मुस्लिम आहे, तिला सगळे बीबी म्हणतात. बीबी म्हणजे तिथल्या भाषेत आजी. दिवसभर दार उघडलं नाही हे पाहून ती आत आली. कपाळाला हात लावला, परत गेली आणि वाटीभर उजी घेऊन आली. उजी म्हणजे पिठाची पातळ पेज, आपल्या आंबिलीसारखी. चमच्याचमच्याने भरवली. बाई नको म्हणाली की म्हातारी रागावायची आणि पुन्हा चमचा पुढे करायची. काय बोलत होती ते सगळं कळलं नाही.

"पण अर्थ कळला," मुलगी म्हणाली. "दोन घास खा ग, असंच म्हणत होती."

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तिथे पाहुणा दारात आला की "करिबू" म्हणतात. या, असा त्याचा अर्थ. शब्दशः अर्थ मात्र जवळ या. "आपल्या इंदूरच्या हिंदीतला करीबच आहे तो," ती म्हणाली. खरंच आहे. अरबी शब्द एका वाटेने हिंदीत आला आणि दुसऱ्या वाटेने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. शब्दसुद्धा आपल्या आधी जाऊन वाट पाहत बसलेला असतो. आमच्या मनात आलं, त्या शास्त्र्याने प्रभू येशूला विचारलं होतं, माझा शेजारी कोण? प्रभूने दाखवला तो परक्या जातीचा शोमरोनी, जो जखमी माणसाच्या करीब आला.

मावशींनी फोन ठेवला आणि डोळे पुसले. त्यानंतर त्यांनी जे केलं ते आमच्या या लेखाचं खरं कारण आहे. अन्नपूर्णेच्या आसपास कॉलेजला आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासला आलेली मुलं-मुली भाड्याच्या खोल्यांत राहतात. मावशींच्या समोरच्या इमारतीत ईशान्येकडच्या तीन मुली राहतात. गल्लीत त्यांच्याशी कुणी फारसं बोलत नसे. त्यांच्या चेहऱ्यावरून, कपड्यांवरून लोक कुजबुजत. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पोह्यांचा डबा घेऊन त्या मुलींच्या दारात उभ्या राहिल्या. कुणाची तरी लेक आहे, एवढंच म्हणाल्या. मुलींतली एक त्या दिवशी तापाने पडलेली निघाली.

टांझानियातल्या बीबीला कुणी सांगितलं होतं? तिने इंदूरच्या मावशींचा प्रश्न ऐकला नव्हता. आणि मणिपूर, मिझोराम, नागालँडमध्येही कुणी आई कपबशा उचलताना तोच प्रश्न विचारत असेल, "तिला तिथं कोण वाढणार?" तिचा आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही. पण देवाने सारफथच्या विधवेला जसं सांगून ठेवलं होतं, तसं त्या प्रश्नाचं उत्तर देण्याचं काम आपल्या गल्लीतल्या कुणालातरी सांगून ठेवलेलं असतं. दारात कुणीतरी उभं राहिलं, की समजावं आपल्याला निरोप आला.

हे इंदूर शहर तरी परक्या पाहुण्यांचं किती ऋणी आहे! १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इथे काम सुरू केलं. डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये आणि डॉ. मॅरियन ऑलिव्हर १८८६ मध्ये समुद्र ओलांडून इथल्या बायाबापड्यांना औषध द्यायला आल्या. त्यांच्या कामाची नोंद इतिहासात आहे. इथल्या उन्हाळ्यात त्यांच्या हातात ज्यांनी पाण्याचा तांब्या दिला, ज्यांनी त्यांना हिंदी शब्द नीट म्हणायला शिकवले, त्या बायकांची नावं कुठल्या अहवालात नाहीत. पण थंड पाण्याचा एक प्याला देणाऱ्याचंही प्रतिफळ बुडणार नाही, असं प्रभूने आपल्याला सांगितलं आहे. ते मोजणारा वेगळा आहे.

प्रिय वाचकहो, या मिशन रविवारी पाकिटात पैसे जरूर घाला. जी माणसं दूर गेली आहेत त्यांना त्याची गरज आहे. पण त्याबरोबर आणखी एक करू या. आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीत, आपल्या चर्चच्या शेवटच्या बाकावर कोण परका आहे, हे पाहू या. केरळची नर्स असेल, झारखंडचा मजूर असेल, खोलीत एकटा राहणारा विद्यार्थी असेल. त्याच्या धर्माची चौकशी करायची गरज नाही. जेवलास का, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रेमळ बापा, तुझं नाव सांगायला जे दूर देशी गेले आहेत त्यांना तू विसरत नाहीस. त्यांच्या आजारपणात, एकटेपणात, भाषा न कळण्याच्या दिवसांत त्यांच्या जवळ कुणीतरी येऊ दे. ज्या अनोळखी हातांनी त्यांना भरवलं त्या हातांना तू आशीर्वाद दे. त्यांच्या मागे राहिलेल्या आईबापांच्या मनाला शांती दे. आणि आमच्या दारात तू ज्याला पाठवशील त्याला ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे, म्हणजे आमच्या घरचं मूठभर पीठही तुझ्या कामी येईल. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे. आमेन.